स्पर्धकांची एकी कोणाच्या हिताची?

कोल्हापुरी चपलेला मिळालेले भौगोलिक मानांकन एकट्या कोल्हापूरचे नाही, हे सीमाभागातही पुष्कळांना ठाऊक नसते. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, बागलकोट, धारवाड व विजापूर अशा आठ जिल्ह्यांतील कारागिरांसाठी ते आहे, आणि ते महाराष्ट्राचे संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळ व कर्नाटकाचे डॉ. बाबू जगजीवनराम चर्मोद्योग महामंडळ या दोन सरकारी संस्थांनी मिळून मिळवले आहे. ज्या दोन राज्यांचा सीमेचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, ज्यांच्या एसटी गाड्या वाद पेटला की निपाणीजवळच्या कोगनोळी नाक्यावर अडकून पडतात, त्याच दोन राज्यांनी बाजारात एकमेकांशी चढाओढ करणाऱ्या आपापल्या कारागिरांसाठी एकच नाव कायद्याने राखून ठेवले. या घटनेची आपल्याकडे जेवढी चर्चा व्हायला हवी होती तेवढी झाली नाही, आणि म्हणूनच तिच्यापासून सुरुवात करावीशी वाटते. व्यवसायात आणि सार्वजनिक नेतृत्वात स्पर्धकांनी ठरावीक कामांपुरते एकत्र येणे ही या भागाची निकडीची गरज आहे, असे माझे ठाम मत आहे. मात्र त्या एकीची किंमत बैठकीत हजर नसलेल्या माणसाला मोजावी लागत नाही ना, ही कसोटी तिला प्रत्येक वेळी लावली गेली पाहिजे.

चपलेच्या बाबतीत ही कसोटी लावून पाहू. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेले कातडे, खिळा न मारता कातड्याच्याच वादीने शिवलेला तळ, बायकांनी घरी बसून विणलेली पट्ट्यावरची वेणी, ही सगळी कारागिरी अथणीत आणि निपाणीच्या परिसरात पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे, आणि इथला माल कोल्हापूरच्या दुकानांतही विकला जातो. अथणीचा कारागीर आणि कोल्हापूरचा कारागीर एकाच गिऱ्हाइकासाठी भांडतात, आणि त्यांनी भांडावेही. कोणाचा तळ अधिक टिकतो, कोणाचा कान पायाला लागत नाही, कोण वेळेवर माल देतो, यावर ती लढत व्हावी. पण यंत्रावर ठोकलेल्या रेक्झिनच्या जोडाला कोणी ‘कोल्हापुरी’ म्हणून विकू लागला, तर त्यात अथणीचेही नुकसान आहे आणि कोल्हापूरचेही. त्या ठिकाणी दोघांचे हित एकच आहे आणि ते राखण्याचे काम दोघांपैकी कोणालाही एकट्याने झेपणारे नाही.

जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात कोल्हापुरीशी तंतोतंत जुळणाऱ्या चपला मूळ कारागिरांचा उल्लेख न करता मांडल्या, तेव्हा या एकत्रित नोंदणीचा उपयोग दिसून आला. संताप सर्वांनी व्यक्त केला, जनहित याचिकाही दाखल झाली. पण मुंबई उच्च न्यायालयाने याचिकाकर्ते मानांकनाचे नोंदणीकृत धारक नाहीत या मुद्द्यावर बोट ठेवले आणि याचिका फेटाळली. कंपनीशी अधिकाराने बोलू शकत होती ती ही दोन महामंडळेच, आणि डिसेंबर २०२५ मध्ये कंपनीने त्यांच्याशीच करार केला. समजा, मानांकन एकाच राज्याकडे असते, तर दुसऱ्या राज्यातल्या कारागिराला आपल्याच पायताणाचे नाव वापरायला चोरी झाली असती आणि परक्या कंपनीसमोर उभे राहण्याऐवजी आपण आपसातच कोर्टकज्जे करत बसलो असतो.

तरीही एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. मानांकन मिळाले म्हणजे कारागिराच्या पदरात काही पडले असे होत नाही. १९९९ च्या कायद्यानुसार प्रत्यक्ष उत्पादकाला अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतंत्र नोंदणी करावी लागते, आणि वेणी विणणाऱ्या अथणीच्या बाईपर्यंत ती नोंदणी, तिचे फायदे आणि तिची कागदपत्रे पोचवणे हे काम कारागिरांच्या संघटनांनीच अंगावर घेतले पाहिजे. दोन महामंडळांची एकी झाली. दोन गावांतल्या कारागिरांची एकी अजून व्हायची आहे.

आता बेळगाव शहराकडे वळतो, कारण माझ्या म्हणण्याचा खरा कस उद्यमबाग आणि मच्छे या इथल्या औद्योगिक वसाहतींत लागतो. बेळगावात शंभराहून अधिक फाउंड्र्या, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतणारे कारखाने, आहेत आणि त्यांच्या जोडीला मशीनशॉप, पॅटर्नशॉप, हायड्रॉलिक्सचे कारखाने आहेत. मालक मराठी आहेत, कन्नड आहेत, गुजराती आणि मारवाडी आहेत, आणि कामगारांच्या डब्यात भाकरीही असते आणि आता ओडिशा-बिहारकडचा भातही असतो. यांतले कितीतरी कारखाने एकाच प्रकारचे कास्टिंग काढतात, त्याच चार-पाच मोठ्या कंपन्यांच्या परचेस विभागाच्या दारात उभे राहतात आणि किलोमागे आठ आणे कमी सांगून एकमेकांची ऑर्डर पळवतात. त्या कंपन्यांच्या दृष्टीने मात्र बेळगाव हे एकच नाव आहे, आणि त्या नावाची तुलना कोल्हापूरशी, राजकोटशी, कोइमतूरशी होत असते. इथल्या एका फाउंड्रीने वाईट माल पाठवला, तर ‘बेळगावचा माल’ म्हणूनच त्याची नोंद होते.

स्पर्धा आणि सहकार्य यांची हद्द कुठे पडते ते पाहायला फाउंड्रीइतकी चांगली जागा नाही. भट्टीत लोखंड वितळले की पळीभर धातू घेऊन नाण्याएवढा नमुना ओततात, तो घासून सपाट करतात आणि स्पेक्ट्रोमीटरवर ठेवतात. ठिणगी उडते आणि कार्बन, सिलिकॉन, मँगेनीज, गंधक, फॉस्फरस यांचे प्रमाण मिनिटभरात पडद्यावर येते. त्या आकड्यांवरून भट्टीत काय टाकायचे ते ठरते. यंत्र बंद पडले, तर भट्टीतला धातू थांबून राहत नाही. मिनिटागणिक वीज जळते आणि धातूचे घटक बदलत जातात. अशा वेळी पोऱ्या नमुना घेऊन शेजारच्या फाउंड्रीत पळतो, आणि ती शेजारची फाउंड्री बहुधा प्रतिस्पर्ध्याचीच असते. नमुना तपासून मिळतो. भट्टीत टाकायच्या फेरोसिलिकॉनचे पोते उसने मिळते. औद्योगिक वसाहतीत हे नेहमी चालते आणि त्याबद्दल इथल्या मालकांना मोठेपणा दिलाच पाहिजे. पण हा शेजारधर्म माणसांच्या मर्जीवर चालतो. ज्या महिन्यात दोघांमध्ये एकाच ऑर्डरवरून वितुष्ट येते, त्याच महिन्यात गरज पडली तर दार लागलेले असते, आणि जो नवा उद्योजक कोणाच्या ओळखीचा नाही, त्याच्यासाठी तर ते उघडलेलेच नसते. म्हणून मैत्री कितीही चांगली असली तरी लिखित व्यवस्था हवी: ठरलेले शुल्क, ठरलेली वेळ, आणि ‘अमुक माणूस आमच्या गटातला नाही’ असे म्हणून कोणाला परत न पाठवण्याचा नियम.

त्याहून अवघड प्रश्न वाळूचा आहे. साच्यासाठी वापरलेली वाळू बऱ्याच वेळा पुन्हा वापरता येते, पण शेवटी काही भाग टाकावाच लागतो, आणि रेझिन (वाळूचे कण धरून ठेवणारा डिंकासारखा पदार्थ) मिसळलेली वाळू टाकायची म्हणजे पर्यावरणाचा प्रश्न उभा राहतो. ती सहाशे-सातशे अंशांच्या वर तापवली की रेझिन जळून जाते आणि वाळू पुन्हा कामाला येते. मात्र ही भट्टी रोज पेटवून रोज विझवणे परवडत नाही. तिला सतत माल लागतो, आणि एका छोट्या फाउंड्रीकडे तेवढी वाळू निघत नाही. दहा-वीस स्पर्धकांनी मिळून चालवली तरच ती चालते. शिवाय प्रत्येकाने आपली वाळू वेगळी ठेवून पाठवावी लागते. बेंटोनाइट, रेझिन आणि सोडियम सिलिकेट अशा वेगवेगळ्या बंधकांची वाळू एकाच ट्रकमध्ये भरून पाठवणारा एक जण सगळ्यांचा माल बिघडवू शकतो. अशा ठिकाणी पोकळ सद्भावना उपयोगी पडत नाही. कोणाच्या ट्रकमधून काय आले याची नोंद, तपासणी आणि चुकणाऱ्याला दंड लावण्याची हिंमत, या तीन गोष्टी नसतील तर सामायिक प्रकल्प दोन-तीन वर्षांत गंजून जातो. केंद्र सरकारच्या योजनेतून बेळगाव फाउंड्री क्लस्टर उभे राहिले ते अशाच विचारातून. अशा संस्थांचे यश इमारतीवरून किंवा उद्घाटनाच्या फोटोवरून मोजू नये. सर्वांत लहान सभासद तिथे किती वेळा येतो आणि त्याचे काम किती वेळात होते, यावरून ते मोजावे.

लहान सभासदाचा मुद्दा मी मुद्दाम लावून धरतो आहे. एकत्र येण्याला विरोध करणाऱ्यांचा सर्वांत सबळ आक्षेप हाच असतो, की मोठा कारखानदार सामायिक संस्थेचा अध्यक्ष होतो, यंत्राचे वेळापत्रक त्याच्या सोयीने लागते आणि लहानांच्या वर्गणीवर मोठ्याचे भागते. हा आक्षेप खरा आहे. सहकारी साखर कारखान्यांचे आणि पतसंस्थांचे राजकारण पाहिलेल्या कोणत्याही सीमावासीयाला तो समजावून सांगावा लागत नाही. पण त्याचा अर्थ एकत्र येऊ नये असा होत नाही. १९०५ मध्ये आजच्या गदग जिल्ह्यातील कणगीनहाळ येथे देशातील पहिली सहकारी पतसंस्था नोंदली गेली, आणि याच बेळगाव जिल्ह्यात हुक्केरी तालुक्याची ग्रामीण वीज सहकारी संस्था १९६९ पासून लोकांच्या घरात वीज पोचवत आली आहे. म्हणजे एकत्र येऊन संस्था चालवणे आपल्या मातीत नवे नाही. एक सभासद एक मत, पदांची पाळी आणि हिशेब सर्वांना खुला, या जुन्याच अटी आहेत आणि त्या पाळल्या तर मोठ्याला आवर बसतो.

दुसरा आक्षेप गुपितांचा आहे. स्पर्धक एका छताखाली आले की ग्राहकांची नावे, दर आणि प्रक्रियेच्या खुब्या फुटतात, अशी भीती असते. तिचे उत्तर सोपे आहे: दर, ग्राहक आणि डिझाइन टेबलावर आणायचेच नाहीत. बँकांनी हे करून दाखवले आहे. एकमेकांच्या ठेवीदारांवर डोळा ठेवून असलेल्या बँकांनी मिळून २००८ मध्ये राष्ट्रीय पेमेंट महामंडळ स्थापले, २०१६ मध्ये यूपीआय आणले, आणि आज खडेबाजारातला भाजीवाला कोणत्याही बँकेच्या गिऱ्हाइकाचे पैसे एकाच कागदी चौकोनावर घेतो. त्यासाठी कोणत्याही बँकेने आपला व्याजदर दुसरीला विचारून ठरवला नाही.

दर ठरवण्यासाठी एकत्र येणे हा मात्र वेगळा आणि निंद्य प्रकार आहे, आणि त्याचे चटके या भागाने सोसले आहेत. १९८१ मध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली निपाणीचे तंबाखू उत्पादक शेतकरी महामार्गावर येऊन बसले, ते व्यापारी ठरवतील तो भाव घ्यावा लागतो म्हणूनच. त्या आंदोलनाचा शेवट पोलिसांच्या गोळीबारात झाला आणि शेतकऱ्यांचे जीव गेले. तिथे व्यापाऱ्यांमध्ये सहकार्याची कमतरता नव्हती. ती एकी शेतकऱ्याच्या आणि विडी वळणाऱ्या बायकांच्या विरोधात होती. अगदी अलीकडचे उदाहरण सिमेंटचे आहे. संघटनेच्या निमित्ताने एकत्र येऊन उत्पादन आणि दर यांवर नियंत्रण ठेवल्याच्या आरोपावरून स्पर्धा आयोगाने २०१२ मध्ये सिमेंट कंपन्यांना सहा हजार कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला, आणि ते प्रकरण पुढे वरच्या पातळ्यांवर लढवले गेले. २००२ च्या स्पर्धा कायद्याने दर ठरवणे, बाजार वाटून घेणे, निविदांमध्ये संगनमत करणे यांना मनाई केली आहे आणि उत्पादनाची किंवा पुरवठ्याची कार्यक्षमता वाढवणाऱ्या संयुक्त उपक्रमांना वाव ठेवला आहे. कायद्याने आखलेली ही रेषा मला नैतिकदृष्ट्याही योग्य वाटते.

ही रेषा प्रत्यक्षात किती बारीक असते ते उसाच्या हंगामात कळते. चिक्कोडी, अथणी, निपाणी पट्ट्यातला ऊस सीमेच्या दोन्ही बाजूंच्या कारखान्यांना हवा असतो, आणि दोन कारखाने दर चढवून ऊस ओढतात तेव्हा शेतकऱ्याच्या हातात चार पैसे जास्त पडतात. ही स्पर्धा चालूच राहिली पाहिजे. कारखानदारांनी बसून ‘यंदा याच्यावर जायचे नाही’ असे ठरवणे हा शेतकऱ्यावर अन्याय आहे, मग त्याला कोणी कितीही शिस्तीचे नाव देवो. पण तोडणीच्या टोळ्यांचा प्रश्न पाहा. एखादा मुकादम दोन-तीन कारखान्यांकडून उचल घेतो आणि ऐन हंगामात गायब होतो. कारखान्याचे पैसे बुडतात, वाहनमालक कर्जात जातो आणि उभा ऊस वाळतो. अशा मुकादमांची सामायिक नोंद कारखान्यांनी ठेवली तर ते सहकार्य योग्य आहे. त्याच नोंदीचा उपयोग करून, जास्त मजुरी मिळते म्हणून दुसऱ्या कारखान्याकडे जाणाऱ्या मजुराला सगळीकडे दारे बंद केली, तर तेच सहकार्य जुलूम ठरते. वही तीच, माहितीही जवळजवळ तीच. म्हणून ती वही फक्त कारखानदारांच्या ताब्यात असता कामा नये. तिच्यात कोणाचे नाव का चढले हे तोडणी मजुरांच्या प्रतिनिधीला पाहता आले पाहिजे आणि नाव खोडून मागण्याचा हक्क असला पाहिजे.

नेतृत्वाच्या बाबतीत बेळगावला दूरची उदाहरणे शोधावी लागत नाहीत. एप्रिल १९१६ मध्ये लोकमान्य टिळकांनी होमरूल लीगची स्थापना बेळगावातच केली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ॲनी बेझंट यांनी आपली वेगळी लीग काढली. दोघांचे अनुयायी एकमेकांना पाण्यात पाहणारे होते, त्यामुळे दोन संस्था एक करण्याचा आग्रह धरला असता तर दोन्ही मोडल्या असत्या. त्यांनी कार्यक्षेत्रे वाटून घेतली: मुंबई शहर वगळून महाराष्ट्र, कर्नाटक, मध्य प्रांत आणि वऱ्हाड टिळकांच्या लीगकडे, उरलेला भाग बेझंट यांच्या लीगकडे. बाजारात जी वाटणी गुन्हा ठरते, ती इथे रास्त ठरली. कारण मधल्या माणसाचे म्हणजे जनतेचे त्यात काही हिरावले गेले नाही, उलट एकच मागणी दोन तोंडांनी पण सारख्याच शब्दांत देशभर पोचली.

आठ वर्षांनी, डिसेंबर १९२४ मध्ये, टिळकवाडीत महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले. गंगाधरराव देशपांडे यांनी त्यासाठी केलेले कष्ट आपण शताब्दीच्या निमित्ताने आठवले. पण त्या अधिवेशनाने केलेले काम त्यामानाने कमी आठवले गेले. कायदेमंडळात जावे असे म्हणणारे चित्तरंजन दास आणि मोतीलाल नेहरू यांचे स्वराज्यवादी, आणि जाऊ नये असे म्हणणारे गांधीजींचे निष्ठावंत, असे दोन तट पडले होते. कलकत्त्यात नोव्हेंबरमध्ये झालेला समझोता बेळगावात मंजूर झाला: असहकार राष्ट्रीय कार्यक्रम म्हणून स्थगित, कायदेमंडळातले काम स्वराज्यवाद्यांनी काँग्रेसच्या वतीने करावे, आणि सभासदत्वासाठी महिन्याला दोन हजार यार्ड सुताची अट. कोणीही आपले मत सोडले नाही. गांधीजींना कायदेमंडळे पटली नाहीत आणि दासांना चरख्याची अट मनापासून आवडली असेल असे वाटत नाही. पुढच्याच वर्षी ती सैल करावी लागली. पण संस्था फुटली नाही. मतभेद कायम ठेवून कामे वाटून घेता येतात, हे या शहराने जवळून पाहिले आहे.

आणि तरीही याच शहरातील मराठी जनतेच्या नेत्यांना ते साधत नाही, याचे मला फार दुःख होते. २०१८ च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्र एकीकरण समितीच्या गटांनी एकमेकांविरुद्ध उमेदवार उभे केले आणि समितीला एकही जागा मिळाली नाही. गट असणे हा दोष नाही. उमेदवार कोण हे ठरवण्याची दोघांना मान्य अशी रीत नसणे हा दोष आहे. मराठीतून कागदपत्रे मिळावीत, मराठी शाळा टिकाव्यात, या मागण्यांवर गटांमध्ये तसूभर फरक नाही. एवढ्या कामापुरते एकत्र बसायला कोणाचा गट विसर्जित करावा लागत नाही.

सरकारांच्या बाबतीतही हेच आहे. २०१९ च्या महापुरात कृष्णा आणि तिच्या उपनद्यांनी चिक्कोडी, रायबाग, अथणी तालुक्यांतली गावे पाण्याखाली घातली, तेव्हा दोन्ही राज्यांत दोष दुसऱ्याच्या धरणावर ढकलणारी भाषणे झाली: इकडे कोयनेच्या विसर्गावर, तिकडे अलमट्टीच्या पाणीसाठ्यावर. जून २०२१ मध्ये महाराष्ट्राचे तत्कालीन जलसंपदामंत्री जयंत पाटील यांनी बेंगळुरूत मुख्यमंत्री येडियुरप्पा यांची भेट घेतली आणि पुराच्या काळात धरणांच्या विसर्गाबाबत समन्वय राखण्याचे ठरले. पाणीवाटपाचा तंटा त्यामुळे मिटला नाही आणि मिटायची गरजही नव्हती. नदीकाठच्या माणसाला जनावरे सोडायला सहा तास आधी कळणे हे लवादाच्या निकालाची वाट पाहत थांबवता येत नाही.

उद्योगांसाठी माझी सूचना याच धर्तीची आहे, आणि ती मुख्यतः कामगारांच्या शिक्षणापासून सुरू व्हावी असे मला वाटते. आज एखादी फाउंड्री मुलाला मोल्डिंग शिकवते, दोन वर्षांत तो तयार होतो आणि शेजारची फाउंड्री दोन हजार रुपये जास्त देऊन त्याला घेऊन जाते. मुलाने जावे, तो त्याचा हक्क आहे; पण असा अनुभव आलेला मालक पुढच्या मुलाला शिकवत नाही, आणि मग सगळेच मालक ‘कुशल माणूस मिळत नाही’ म्हणून तक्रार करतात. स्पर्धकांनी एकमेकांची माणसे न घेण्याचा करार करणे हा त्यावरचा उपाय नव्हे. तो करार मजुराचा पगार दाबतो. उपाय हा, की बेळगाव, मच्छे आणि सीमेपलीकडच्या शिनोळी वसाहतीतील कारखान्यांनी आपल्या कामगारसंख्येच्या प्रमाणात वर्गणी घालून एक सामायिक प्रशिक्षण निधी उभा करावा, शिकवणी मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांतून व्हावी, आणि शिकलेला मुलगा कोणाकडेही कामाला गेला तरी खर्च सगळ्यांनी उचललेला असल्यामुळे कोणाच्या पोटात दुखू नये. त्या निधीच्या समितीवर लहान फाउंड्रीच्या मालकांना निम्म्या जागा असाव्यात, एक जागा कामगारांची असावी, आणि बैठकीचे इतिवृत्त दोन्ही भाषांत छापून प्रत्येक कारखान्याच्या फाटकावर लावले जावे. शिनोळीचे कारखाने महाराष्ट्रात पडतात म्हणून त्यांना वगळण्याचे कारण नाही. तिथे कामाला जाणारी बरीच मुले बेळगाव तालुक्यातलीच आहेत.